पाण्याचं तापमान तेवढं खरं

व्हिसाच्या अर्जासोबत एक पत्र जोडायचं होतं. त्यात भेटीचा उद्देश लिहायचा होता. भाऊंनी इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘मित्रासोबत नदीत पोहणे. जमल्यास.’

वर्ध्यातल्या ट्रॅव्हल एजंटानं ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“काका, इथं ‘पर्यटन’ लिहा. सारेच तसंच लिहितात.”

“पर्यटन नाई कराचं मले,” भाऊ म्हणाले. “पोहाचं आहे.”

“बरं, मग ते ‘जमल्यास’ तरी काढा.”

“कसं काढू? जमन का नाई, ते मलेच माहीत नाई अजून.”

फॉर्म भरायला मदत होईल म्हणून त्यांनी मला सोबत नेलं होतं. मी एक शब्दही बोलले नाही. भाऊंसोबत बारा वर्षं काम केल्यावर कुठे बोलायचं नाही एवढं मला कळत होतं. पत्र तसंच गेलं, भाऊ मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले आणि व्हिसा मिळालाही. एजंट अजून ते पत्र लोकांना सांगतो.

भाऊ आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मी तिथे नवीन लागले तेव्हा त्यांची पंचवीस वर्षं झाली होती. पहिल्याच महिन्यात मुलांना लंबकाचा प्रयोग करून दाखवताना माझं उत्तर चुकलं. गुरुत्वीय त्वरण नऊ पूर्णांक आठ यायला हवं, ते नऊ पूर्णांक दोन आलं. मुलं वही उघडून बसली होती. मी फळ्यावर मुकाट नऊ पूर्णांक आठ लिहायला हात उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला, “मॅडम, जे आलं ते लिवा.”

मी वळून पाहिलं. खाकी कोट घातलेला एक किडकिडीत माणूस कपाटातले स्टॉपवॉच पुसत उभा होता.

“कमी आलं त कमी काऊन आलं ते शोधू ना आपण. पोट्टे बी शोधतीन. लपवलं त कोनालेच नाई भेटन.”

कान तापले माझे. पण मी नऊ पूर्णांक दोन लिहिलं, आणि पुढचा पूर्ण तास आम्ही चूक शोधली. दोरी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली होती, आणि शिवाय मी आंदोलनं मोजताना गडबडले होते. मला त्या बॅचची मुलं अजून नावानिशी आठवतात.

‘जे आलं ते लिवा’ हे त्यांचं एकच वाक्य होतं म्हटलं तरी चालेल. मुलांनी एकमेकांची रीडिंगं उतरवली की ते नुसत्या वह्या पाहून ओळखत. ते रागवत नसत. त्या मुलाला पुन्हा उपकरणापाशी उभं करत आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसून राहत. कॉलेज सुटलं तरी बसून राहत.

बाजारात त्यांच्या खिशात प्रयोगशाळेचं दोनशे ग्रॅमचं वजन असे. भाजीवाल्याच्या काट्यावर ते आधी हे वजन ठेवत. काटा कमी दाखवत असेल तर सांगत आणि जास्त दाखवत असेल तरी सांगत, “बाई, तुमचं नुकसान होऊन राह्यलं.” त्यामुळे बजाज चौकातल्या निम्म्या भाजीवाल्या त्यांना मान देत आणि निम्म्या त्यांना पाहिलं की काटा पोत्याखाली सरकवत.

निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी भाषण केलं, की या माणसानं सदतीस वर्षांत एकही रजा घेतली नाही. भाऊ खुर्चीतून उठले. “अकरा घेतल्या सर,” ते म्हणाले. “रजिस्टर पाहा.” आणि बसले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पदर तोंडाला लावला. ती लाज होती की हसू, ते मला दुरून कळलं नाही.

अशा माणसानं अडतीस वर्षं एका गोष्टीत खोटं लिहिलं होतं. ते मला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कळलं.

मार्च महिना होता. भाऊ प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक केशरी रंगाची प्लास्टिकची पिशवी ठेवली. माशाच्या आकाराची, वर डोळा रंगवलेली.

“मॅडम, सेलूले तुमच्या वावरात इहीर आहे ना? पानी राह्यते का उन्हाळ्यात?”

“राहतं. कालवा जवळ आहे. का?”

त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. बाविशीत असताना कॉलेजच्या ग्रंथालयात एका मासिकात त्यांनी पत्रमैत्रीचं पान पाहिलं. इंग्रजी सुधारावं म्हणून त्यातल्या एका पत्त्यावर पत्र टाकलं. पत्ता स्वित्झर्लंडमधल्या बाझल नावाच्या शहराचा होता. उत्तर देणारा रूडी हा तिथे ट्राम चालवायचा, भाऊंपेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्यालाही इंग्रजी बेताचंच येत होतं. भाऊ त्याला ‘रूडीभाऊ’ म्हणत.

“पयल्याच पत्रात त्यानं लिवलं, आमचं शहर ऱ्हाईन नदीच्या काठावर आहे. उन्हाळ्यात ड्यूटी संपली का मी कपडे एका पिशवीत भरतो, पिशवी घट्ट बांधतो, अन् नदीत उतरून वाहत वाहत घरी जातो. सारं शहरच जाते म्हणे असं. अन् खाली विचारलं, तुम्ही पोहता का?”

“मग?”

“मी लिवलं, हो. रोज सकाळी. पवनारले, धाम नदीत.”

ते पिशवीकडे पाहत राहिले.

“मले पान्याचं भेव वाटते मॅडम. लहानपणापासून. पन तो एवढा मोठा गडी नदीतून घरी जाते अन् मी त्याले काय लिवू, का बाप्पा मी गुडघ्याच्या वर पान्यात नाई जात? एक शब्द लिवला. मग दर उन्हाळ्यात तो विचारे, पानी कसं आहे? मग मी सायकलनं पवनारले जाऊन थर्मामीटरनं मोजून येवो. काठावर बसून. अडतीस वर्सं. पान्याचं तापमान खरं होतं मॅडम. पोहणं तेवढं खोटं.”

पिशवी रूडीनं पोस्टानं पाठवली होती. सोबतच्या पत्रात होतं, की माझा गुडघा आता फार दिवस चालणार नाही, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, त्याआधी या ऑगस्टमध्ये तू ये. एकदा तरी आपण दोघं मिळून नदीतून घरी जाऊ.

“खरं लिहून टाका ना त्यांना,” मी म्हटलं. “इतक्या वर्षांचे मित्र आहात.”

“लिवलं. नऊ वेळा लिवलं अन् नऊ वेळा फाडलं.” मग बोटं मोजत, “ऑगस्टले पाच महिने आहेत. तेवढ्यात मले पोहता आलं, त मी पोहतो हे खरंच होऊन जाईन का नाई?”

मला या हिशेबात काहीतरी चुकतंय हे दिसत होतं. पण साठ वर्षांचा माणूस पोहायला शिकतो म्हणतोय, म्हणून मी हो म्हटलं.

सेलूच्या आमच्या शेतावर माझी आत्या राहते. वडिलांची मोठी बहीण, पासष्टची. लहानपणी याच विहिरीत भावांच्या आधी पोहायला शिकली आणि गावातल्या किमान चाळीस पोरांना तिनं शिकवलं. ती आता पाण्यात उतरत नाही. काठावर उभी राहून ओरडते, आणि तेवढं पुरतं.

भाऊ बोरगाव मेघेतल्या आपल्या घरून सकाळी सहाला निघत, स्टँडवरून एसटी धरून सात-सव्वासातला शेतावर पोचत. पहिल्या दिवशी त्यांनी विहिरीचं पाणी मोजलं, अकरा फूट. तापमान घेतलं. पायऱ्या मोजल्या. मग कंबरेला दोर आणि पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे बांधून शेवटच्या पायरीवर बसले, पोटापर्यंत पाण्यात, आणि बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. असे नऊ दिवस.

“भाऊ, तुमी पानी मोजाले आले का पोहाले?” आत्यानं विचारलं.

“भेव लागते ताई.”

“लागन ना. भेव लागू द्या, अन् पाय सोडा. दोर माह्या हातात आहे.”

दहाव्या दिवशी त्यांनी पाय सोडले. कसंबसं पाणी मारायला लागले. एप्रिल संपता संपता डबे सुटले, दोर मात्र राहिला. काठावरून आत्या ओरडायची, “दोर धरला आहे, मारा हात!” आणि भाऊ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचे.

मे महिन्यात एका रविवारी मी तिथेच होते. भाऊ पाण्याच्या मध्यावर होते. आत्यानं हातातला दोर हळूच खाली सोडून दिला. दोर पाण्यात पडला, भाऊंच्या मागे तरंगू लागला. “दोर धरला आहे, मारा हात!” आत्या ओरडली. भाऊ पलीकडच्या भिंतीला लागले, वळले आणि त्यांना दोर दिसला.

मला वाटलं ते खूश होतील. ते वर आले, अंग न पुसता आत्यासमोर उभे राहिले. मी त्यांना एवढं रागावलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

“ताई, तुमी मले खोटं सांगतलं.”

“सांगतलं.”

“दोर धरला नवता अन् धरला म्हणाल्या.”

“हो म्हणाली. अन् तुमी पोहले ना?”

“पोहलो ते वेगळं. खोटं ते खोटं.”

आत्याला पत्रांची गोष्ट मी आधीच सांगितली होती. तीही इरेला पेटली. “भाऊ, तुमाले आता पोहता येते. पन मले एक सांगा. मागची अडतीस वर्सं त्या नदीत कोन पोहत होतं?”

भाऊ वळले. ओल्या अंगावर शर्ट चढवला आणि स्टँडकडे चालते झाले.

तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, आत्याच्या अंगणात बाजेवर बसले आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, “त्याले तोंडावर सांगा लागन ताई. पत्रात होत नाई.”

“मग सांगा ना. चाला, पानी थंड आहे अजून.” आणि ती दोर न घेताच विहिरीकडे चालू लागली.

त्यानंतर प्रवासाची तयारी वेगानं झाली. भाऊंनी मुक्काम फक्त तीन दिवसांचा ठरवला. रूडी म्हणत होता पंधरा दिवस राहा. भाऊंचं म्हणणं, “पयलं रीडिंग लहान घ्यावं. पन बरोबर घ्यावं.” आलेखाच्या कागदावर त्यांनी तीन दिवस मांडले. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर ठिकाणं : रूडीचं घर, लाल दगडाचं मोठं चर्च, दोरीला बांधलेल्या होड्या, जुना ट्राम डेपो, नदी. त्या होड्यांवर ते फार खूश होते. इंजीन नाही, वल्हं नाही, नुसत्या पाण्याच्या धारेनं होडी या काठावरून त्या काठाला जाते. त्यावर आम्ही फळ्यावर बाणांच्या आकृत्या काढून एक पूर्ण दुपार घालवली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सात ते साडेसात या जागेत कागदावर फक्त ‘सांगणे’ असं लिहिलं होतं.

काकूंनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “यात जेवाले कुठं वेळ ठेवला?” त्या सोबत जाणार नव्हत्या. तीन दिवसांसाठी एवढं लांब जाणं त्यांना पटत नव्हतं. पण त्यांनी दशम्या, चिवडा आणि लसणाची चटणी बांधून दिली, आणि भाऊ गेल्यावर मला रोज फोन करून विचारत राहिल्या, “काही समजलं का वो?”

अडचण एकच राहिली होती, धारेची. विहिरीचं पाणी उभं. उन्हाळ्यात धामेला धार नसते आणि पावसाळ्यात ती धार धरण्यासारखी नसते. वाहत्या पाण्याची तालीम करायला आमच्याकडे काही नव्हतं.

“फळ्यावरच्या धारेत त मी वाचलो मॅडम,” जाताना भाऊ म्हणाले. “आता तिथं पाहू.”

आठवड्यानं परतले, ते दुसऱ्या दिवशी थेट प्रयोगशाळेत. आपल्या जुन्या स्टुलावर बसले. मुलांचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत थांबले आणि मग बोलले. मी जसं ऐकलं तसं सांगते.

रूडी स्टेशनवर काठी टेकत उभा होता. फोटोतल्यापेक्षा बराच वाकलेला. मुलगी आणि नातवंडं दुसऱ्या गावी, हा एकटा. घरी नेलं, सूप केलं. सात वाजता भाऊंनी सांगितलं. रूडीला आधी कळेचना. त्याला वाटलं, भाऊंचं इंग्रजी चुकतंय. “तू आता पोहत नाहीस?” त्यानं विचारलं. भाऊ म्हणाले, आता पोहतो, आधी नाही. “आधी म्हणजे कधी?” भाऊ म्हणाले, कधीच नाही.

“तीनदा सांगा लागलं मॅडम. एकदा सांगाची तयारी केली होती मी.”

रूडी उठला. भांडी धुतली, भाऊंना खोली दाखवली आणि आपली खोली लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पाव, लोणी आणि एक चिठ्ठी होती : गुडघा दुखतो, तू फिरून ये. भाऊंनी कागदाप्रमाणे दिवस काढला. चर्च पाहिलं. होडीतून नदी ओलांडली. कागदावर एकदाच ओलांडायची होती, ते सहा वेळा गेले-आले.

“काऊन?” मी विचारलं.

“घरी कोणत्या तोंडानं जाऊ ते समजत नवतं.”

होडीतून त्यांना पोहणारे लोक दिसत. बायका, म्हातारे, ऑफिसातून सुटलेली माणसं, सगळ्यांच्या हातात तशाच माशाच्या पिशव्या. हसत, गप्पा मारत वाहत चालले होते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, दुपारी रूडीनं दारावर काठी आपटली. अंगावर पोहायची चड्डी आणि वर शर्ट. “पाणी बावीस आहे,” तो म्हणाला. “चल.”

काठाकाठानं दोघं वरच्या अंगाला चालत गेले. रूडीनं पिशवीत कपडे कसे भरायचे, तोंड सात वेळा कसं गुंडाळायचं ते दाखवलं. जमिनीवर लंगडणारा तो माणूस पाण्यात उतरला आणि सरळ झाला. भाऊ पायरीवर उभे राहिले. पाय सोडले, आणि धारेनं त्यांना उचललं.

“इहिरीत मी पान्यात होतो मॅडम. तिथं पानी मले घेऊन चाललं होतं. मी ओरडलो. वऱ्हाडीतच ओरडलो.”

रूडी बाजूला आला. पिशवी छातीशी धर म्हणाला, हात मारू नकोस, पूल मोज. एक पूल गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या आधी काठाला लागायचं होतं. भाऊंचा अंदाज चुकला, पायऱ्या मागे पडू लागल्या, तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या माणसानं त्यांचा दंड धरून त्यांना काठाकडे ओढलं.

दोघं पायऱ्यांवर ओलेच बसले. गुडघा चोळत रूडी बोलला. ते वाक्य भाऊंनी मला इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं आणि मग स्वतःशी मराठीत म्हणून पाहिलं. त्याचा अर्थ असा : “डेपोतल्या सगळ्यांना मी सांगत आलो, की भारतात माझा एक मित्र आहे, तोही रोज नदीत पोहतो. त्यातले निम्मे लोक आता मेले. त्यांना मी कसं दुरुस्त करून सांगू?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणू? त्याचं बरोबर होतं.”

संध्याकाळी रूडी त्यांना स्टेशनवर सोडायला आला. हात मिळवला. पुन्हा ये म्हणाला नाही, येऊ नको असंही म्हणाला नाही.

पत्र कोणी आधी लिहायचं, हा प्रश्न भाऊंना महिनाभर पुरला. सप्टेंबरात त्यांनी एक कागद मला दाखवायला आणला. त्यावर तीन वाक्यं होती. ‘मी नीट पोचलो. तुमच्या नदीत मला फार भीती वाटली. ती अजून गेलेली नाही.’

“एवढंच?” मी म्हटलं.

“सध्या खरं एवढंच आहे.”

ते पत्र गेलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. भाऊ पोस्टमनला विचारत नसत, पण त्याच्या वेळेला फाटकापाशी झाडांना पाणी घालत असत. काकू म्हणाल्या, “झाडं मरतीन आता त्या पान्यानं.” मी मनातून धरून चालले होते, की अडतीस वर्षं संपली.

डिसेंबरात एके दुपारी तीनच्या सुमाराला भाऊ धापा टाकत प्रयोगशाळेत आले. हातात उघडलेलं पाकीट. चार पानांचं पत्र होतं. त्यांनी शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. रूडीनं लिहिलं होतं, की पुढच्या मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मुलीला मी सांगितलंय की किरकोळ आहे, काळजी करू नको. पण मला भीती वाटते, पुन्हा चालता येईल की नाही. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

मी वर तारीख पाहिली. तो मंगळवार होऊन अठरा दिवस झाले होते.

ते दोघं आयुष्यात कधी फोनवर बोलले नव्हते. पत्राच्या डोक्यावर नंबर छापलेला होता, घरचा. मी माझ्या मोबाइलवरून लावला आणि फोन भाऊंच्या हातात दिला. तिकडे सकाळ असणार. घंटी वाजत राहिली. बराच वेळ वाजली. मला वाटलं आता बंद होईल. भाऊंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला होता, एका ठिकाणी नजर लावून.

मग ते एकदम म्हणाले, “रूडीभाऊ?” आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. पलीकडून कोणीतरी बोलत होतं, मला शब्द कळत नव्हते. भाऊ नुसते ऐकत होते आणि मान हलवत होते, समोरच्याला दिसत असल्यासारखी.

शेवटी त्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

“मॅडम, फोन उचलाले उशीर काऊन झाला विचारलं मी. त म्हणते, फोन बाहेरच्या खोलीत आहे. तिथवर चालत आलो म्हणते.”